पाहणारे चार हजार, घेणारे पाच

वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यात हळदीचे पीक निघाले, की ओली हळद शिजवायची, अंगणात पसरून वाळवायची, ढोलात फिरवून तिला चकाकी आणायची आणि मग हळकुंडे दळून घ्यायची, हे काम आठवडेच्या आठवडे चालते. गेल्या काही वर्षांत या कामाला आणखी एका कामाची जोड मिळाली आहे, ते म्हणजे हे सगळे मोबाइलवर टिपून समाजमाध्यमावर टाकणे. आमच्या बचत गटाने हळद शिजवतानाची पहिली रील टाकली, तेव्हा ती चार हजारांवर लोकांनी पाहिली आणि गटातील साऱ्या जणींना वाटले, की या वर्षी हळद पुरणार नाही. त्या रीलमुळे प्रत्यक्षात पाच जणांनी हळद मागवली. गटाचा जमाखर्च मी लिहिते, त्यामुळे हे दोन्ही आकडे माझ्या वहीत शेजारी शेजारी उतरले, आणि त्यांच्यामध्ये नेमके काय घडते हे समजून घेण्याची गरज मला तेव्हा पहिल्यांदा वाटली.

धंदा मोबाइलवर कसा वाढवावा, हे शिकवणाऱ्या चित्रफिती रोज डोळ्यांपुढून जातात. परंतु त्यांतील बहुतेक सल्ला पाहणारे वाढवण्याविषयी असतो आणि विकणाऱ्याच्या हाती शेवटी काय उरते याविषयी त्यांत फारसे काही नसते. गावातून हळद, तिखट, जवसाची चटणी, कोशाचे कापड किंवा बांबूच्या वस्तू विकणाऱ्यांना दुसरा प्रश्न अधिक जवळचा आहे, कारण वर्षभर तोटा सोसून नाव कमावण्याइतके भांडवल त्यांच्यापाशी नसते.

आपले चित्रण कोणाला दिसते

आठवडी बाजारात दुकान मांडले, की त्या ओळीतून जाणाऱ्या प्रत्येकाच्या नजरेस ते पडते, आणि तो माणूस बाजारालाच आलेला असल्यामुळे त्याच्या हातात पिशवी व खिशात पैसे असतात. समाजमाध्यमावर या दोन्ही गोष्टी गृहीत धरता येत नाहीत. तेथे कोणाला काय दाखवायचे, हे कंपनीची संगणकप्रणाली प्रत्येक माणसासाठी स्वतंत्रपणे ठरवते, आणि त्यासाठी चित्रण किती वेळ पाहिले गेले, किती जणांना ते आवडले आणि किती जणांनी ते दुसऱ्या कोणाला पाठवले, अशा खुणा ती पाहते. माणसाने ॲपवर अधिक वेळ थांबावे, हा त्या प्रणालीचा हेतू आहे. आपली हळद विकली जावी, हा तिचा हेतू नाही. हे एकदा नीट लक्षात आले, की पाहणाऱ्यांच्या आकड्याने फार हुरळून जाणेही थांबते आणि तो कमी आल्यावर खचून जाणेही थांबते.

इन्स्टाग्रामवरील रील हा प्रकार भारतात २०२० च्या जुलै महिन्यात, टिकटॉकवर बंदी आल्यानंतर लगेच सुरू झाला. रील मोठ्या प्रमाणात अशा लोकांना दाखवली जाते, जे आपल्याला ओळखत नाहीत आणि आपले पानही पाहत नाहीत. हा तिचा मोठा लाभ आहे, आणि आमच्यासारख्यांसाठी हीच तिची अडचणही आहे. आमच्या त्या रीलची आकडेवारी उघडून पाहिली, तेव्हा निम्म्याहून अधिक पाहणारे महाराष्ट्राबाहेरचे निघाले. वाफाळत्या कढईतील पिवळ्याजर्द हळदीचे दृश्य त्यांनी आवडीने पाहिले असेल, पण ती हळद कोठली, काय भावाने आणि कशी मिळेल, हे त्या चित्रणात कोठेही सांगितलेले नव्हते, आणि गाणे तर असे लावले होते की त्यात गावाचे नाव सांगायला जागाच उरली नव्हती.

पुढच्या खेपेस आम्ही बोलणे मराठीत ठेवले, पहिल्या वाक्यातच गावाचे व तालुक्याचे नाव घेतले, अर्ध्या किलोचा भाव स्पष्ट सांगितला आणि पार्सल किती दिवसांत पोहोचते तेही सांगितले. पाहणारे तिपटीने घटले, मात्र विचारणा वाढली. ‘भावासाठी संदेश पाठवा’ असे लिहिण्याची पद्धत अनेक जण पाळतात. ती मला पटत नाही. भाव लपवला, की नुसते भाव विचारून गप्प होणाऱ्यांना उत्तरे देण्यात घरातील एका माणसाची संध्याकाळ जाते, आणि ज्याला खरोखर घ्यायचे आहे तो ‘कई येईन पार्सल?’ असे विचारून उत्तराची वाट पाहत राहतो.

प्रत्येक धंद्याला रील लागतेच असे नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. तालुक्याच्या गावी मोटार वायंडिंग करणाऱ्याचे गिऱ्हाईक पंधरा-वीस किलोमीटरांच्या टापूतले असते, आणि रब्बीत गव्हाला पाणी देण्याच्या दिवसांत पंप बंद पडलेला शेतकरी रील पाहत बसत नाही. तो नकाशावर जवळचे दुकान शोधतो. गूगलवर व्यवसायाची नोंद विनामूल्य करता येते. कोणते दुकान वर दाखवायचे, हे ठरवताना शोधलेल्या शब्दांशी दुकानाचा संबंध, अंतर आणि दुकानाची एकूण प्रसिद्धी पाहिली जाते, असे ती कंपनी स्वतः सांगते. चक्की, शिलाईकाम, मंडप, दुचाकीची दुरुस्ती अशा सेवांसाठी बरोबर फोन क्रमांक, खरी वेळ, दुकानाच्या पाटीचे छायाचित्र आणि गिऱ्हाइकांचे चार प्रामाणिक अभिप्राय एवढी नोंद पुष्कळ उपयोगी पडते.

पैसे देऊन केलेली जाहिरात

हिंगणघाटच्या बाजार समितीत कापसाचा लिलाव पाहिलेल्या माणसाला मोबाइलवरील जाहिरातीचे गणित लवकर समजेल, कारण तीही लिलावानेच विकली जाते. एका माणसाच्या पडद्यावर जाहिरातीची एक जागा मोकळी झाली, की ती मिळवण्यासाठी अनेक जाहिरातदारांच्या बोली क्षणार्धात ताडून पाहिल्या जातात. फरक एवढाच, की येथे सर्वांत मोठी बोली लावणाराच जिंकतो असे नाही. फेसबुक व इन्स्टाग्राम यांची मालक असलेली मेटा कंपनी बोलीच्या रकमेबरोबरच तो माणूस त्या जाहिरातीला प्रतिसाद देण्याचा संभव किती आणि जाहिरातीचा दर्जा कसा, हेही मोजते. त्यामुळे योग्य लोकांपुढे ठेवलेली स्पष्ट जाहिरात थोड्या पैशांत पुढे सरकते, आणि सगळ्यांनाच दाखवायला निघालेली मोघम जाहिरात महाग पडते.

म्हणून जाहिरात लावताना आपण निवडलेला प्रदेश फार महत्त्वाचा ठरतो. आम्ही नागपूर, पुणे आणि मुंबई-ठाणे एवढाच प्रदेश ठेवतो, कारण नोकरीनिमित्त तिकडे गेलेल्या वैदर्भीय कुटुंबांना गावाकडच्या हळदीची चव ओळखीची असते आणि त्यांना ती समजावून सांगावी लागत नाही.

एका पाकिटाचा हिशेब

येथे थोडे सावकाश जाऊ, कारण माझ्या मते साऱ्या विषयाचे मर्म येथे आहे. आकडे समजण्यास सोपे जावेत म्हणून गोल घेतले आहेत. प्रत्येकाने आपापले भाव त्यांच्या जागी ठेवून पाहावेत.

अर्ध्या किलोच्या एका पाकिटाला हळकुंडे, दळण आणि दळताना येणारी घट मिळून ११० रुपये लागतात, पाकीट, लेबल व खोका यांचे २० रुपये होतात आणि मजुरीचे १५ रुपये धरले, तर एकूण खर्च १४५ रुपये होतो. ही मजुरी धरण्याविषयी मी गटात अनेकदा हट्ट केला आहे. घरातल्या बायांनी केलेल्या कामाची किंमत शून्य लिहिली, की कागदावर नफा दिसतो, आणि प्रत्यक्षात तो नफा म्हणजे त्यांना न दिलेली मजुरी असते. पाकीट २२० रुपयांना विकले, तर ७५ रुपये उरतात. बाजारात हातोहात विकले, तर हिशेब येथेच संपतो.

आता तेच पाकीट पुण्याला पाठवायचे आहे आणि पार्सलला ८० रुपये लागतात, असे समजू. ‘घरपोच मोफत’ असे जाहीर करून बसलो असलो, तर ७५ मधून ८० वजा होऊन प्रत्येक पाकिटामागे पाच रुपये खिशातून जातात. मागणी जितकी वाढेल, तितका तोटाही वाढेल. याउलट त्याच गिऱ्हाइकाने चार पाकिटे, म्हणजे दोन किलो हळद मागवली आणि मोठ्या पार्सलला १४० रुपये लागले, तर चार पाकिटांचे ३०० रुपये उरतात, त्यांतून पार्सलचे १४० गेले तरी १६० रुपये हाती राहतात. वजन वाढते त्या प्रमाणात पार्सलचा खर्च वाढत नाही, आणि दूरवर विक्री करणाऱ्या लहान उद्योगाचा नफा बहुधा या एका फरकातून येतो. किमान दोन किलोंची मागणी घेणे, किंवा हळदीबरोबर तिखट आणि जवसाची चटणी यांचा एक संच करून विकणे, हे त्यामुळे आवश्यक ठरते. खोका मोठा आणि माल हलका असेल, तर अनेक कुरिअरवाले प्रत्यक्ष वजनाऐवजी खोक्याच्या आकारमानावरून आकारणी करतात. पापड, कुरड्या किंवा बांबूच्या टोपल्या पाठवणाऱ्यांनी हे आधीच विचारून घ्यावे. नागपूर-अमरावतीपर्यंतचा माल एसटीच्या पार्सलने पाठवण्याची जुनी सोय अजूनही कित्येकदा स्वस्त पडते.

या हिशेबात जाहिरात अजून आलेली नाही. समजा, जाहिरातीला ५०० रुपये खर्च केले, चाळीस जणांनी विचारणा केली आणि त्यांतील पाच जणांनी माल घेतला, तर एक नवे गिऱ्हाईक मिळवण्यासाठी १०० रुपये लागले. दोन किलोंच्या मागणीतून उरलेल्या १६० मधून ते वजा केले, तर ६० रुपये राहतात. पुढे तेच गिऱ्हाईक दुसऱ्यांदा आपणहून आले, तर जाहिरातीचा खर्च नसल्यामुळे पूर्ण १६० रुपये उरतात. पहिली विक्री जेमतेम खर्च भरून काढते आणि कमाई दुसऱ्या व तिसऱ्या विक्रीपासून सुरू होते, हे माझ्या वहीने मला शिकवले.

आता सर्वांत कठीण प्रसंग पाहू. पार्सल हाती पडल्यावर रोख देण्याची सवलत ठेवली आणि जाहिरातीतून आलेल्या दोन-दोन किलोंच्या दहा मागण्यांपैकी दोन पार्सले न स्वीकारता परत आली. परतीचाही खर्च तेवढाच लागला, असे धरले, तर प्रत्येक परत आलेल्या पार्सलमागे २८० प्रमाणे ५६० रुपये बुडाले. आठ पार्सलांचे १,२८० रुपये मिळाले होते, त्यांतून ५६० गेले आणि ७२० राहिले. दहा मागण्या मिळवण्यासाठी जाहिरातीचे १,००० रुपये आधीच खर्च झालेले आहेत. म्हणजे मोबाइलवर दहा मागण्यांचा आनंद दिसत असताना वहीत २८० रुपयांची तूट आहे. याच कारणाने नव्या गिऱ्हाइकाकडून निदान पार्सलचा खर्च आगाऊ घ्यावा, असे माझे मत आहे. २०१६ साली यूपीआय सुरू झाल्यापासून हे अवघड राहिलेले नाही, आणि बँक खात्यातून थेट होणाऱ्या यूपीआय व्यवहारावर २०२० पासून दुकानदाराला शुल्कही द्यावे लागत नाही.

गिऱ्हाइकांची यादी

दुसरी विक्री व्हायची, तर पहिले गिऱ्हाईक आपल्याला पुन्हा सापडले पाहिजे. याबाबतीत आमच्या गटाने मोठी चूक केली होती. एका समाजमाध्यमावरील आमचे पान एके दिवशी उघडेनासे झाले. आमच्यातील एकीने कोणाला तरी ओटीपी सांगितला होता आणि पानाचा ताबा परक्या माणसाकडे गेला होता. दोन वर्षांतील सगळी बोलणी, पत्ते आणि मागण्या त्याच पानाच्या संदेशांमध्ये होत्या. ज्या जवळपास सत्तर कुटुंबांनी आमची हळद खाल्ली होती, त्यांतील जेमतेम वीस जणांचे क्रमांक आम्हाला पुन्हा जमवता आले. आता प्रत्येक खात्याला दुहेरी पडताळणी लावलेली आहे, आणि प्रत्येक गिऱ्हाइकाचे नाव, गाव, क्रमांक, माल, रक्कम व तारीख कागदाच्या वहीत त्याच दिवशी लिहिली जाते.

ही यादी वापरण्यासाठी व्हॉट्सॲप बिझनेस हे २०१८ मध्ये आलेले वेगळे ॲप सोयीचे आहे. त्यात मालाची छायाचित्रे व भाव यांची सूची ठेवता येते, वारंवार विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरे तयार ठेवता येतात आणि ‘पैसे आले’, ‘पार्सल गेले’ अशा खुणा गिऱ्हाइकाच्या नावापुढे लावता येतात. पुष्कळ जण सगळ्या गिऱ्हाइकांना एका गटात घालतात. मी तसे करू नये म्हणते, कारण गटात प्रत्येकाचा क्रमांक इतर सर्वांना दिसतो आणि आपल्यावर विश्वासून दिलेला क्रमांक अनोळखी लोकांच्या हाती जातो. त्याऐवजी ब्रॉडकास्ट यादी करावी. एका यादीत २५६ जणांपर्यंत घेता येते, आणि प्रत्येकाला तो संदेश आपल्याला स्वतंत्रपणे आल्यासारखा मिळतो. यातील एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही: ज्याने आपला क्रमांक त्याच्या फोनमध्ये जतन केला आहे, त्यालाच असा संदेश पोहोचतो. त्यामुळे पार्सलमध्ये एक चिठ्ठी घालून ‘ताई, दादा, हा क्रमांक आमच्या गटाच्या नावाने जतन करून ठेवा, नवी हळद निघाली की कळवू’ अशी विनंती करणे फार उपयोगी पडते.

लेबल आणि कायदा

समाजमाध्यमावर विकला म्हणून माल कायद्याबाहेर जात नाही. घरी केलेला खाद्यपदार्थ विकायचा असेल, तरी अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाची, म्हणजे एफएसएसएआयची नोंदणी लागते आणि तिचा १४ अंकी क्रमांक पाकिटावर छापावा लागतो. पाकिटबंद मालाच्या २०११ च्या नियमांनुसार उत्पादकाचे नाव व पत्ता, निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किंमत, उत्पादनाचा महिना व वर्ष आणि तक्रारीसाठी संपर्क हेही पाकिटावर असावे लागते. लहान उद्योगांसाठीची उद्यम नोंदणी २०२० च्या जुलैपासून सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य होते. तिच्यासाठी शुल्क मागणारी खासगी संकेतस्थळे टाळावीत.

जीएसटीबाबत विदर्भातील सीमेवरच्या उद्योगांनी विशेष सावध असावे. महाराष्ट्रात मालाची वार्षिक उलाढाल ४० लाख रुपयांपर्यंत असलेल्या विक्रेत्याला सामान्यतः नोंदणी करावी लागत नाही, पण करपात्र माल दुसऱ्या राज्यात पाठवला, की ही सवलत सहसा लागू होत नाही. गोंदियाच्या माणसाला बालाघाट आणि चंद्रपूरच्या माणसाला आदिलाबाद रोजच्या व्यवहारातले वाटते, तरी कागदावर ते परराज्य आहे. हस्तकलेच्या ठरावीक वस्तूंना यात सूट आहे. इंदूर किंवा हैदराबादची मागणी स्वीकारण्यापूर्वी कर सल्लागाराला विचारावे.

हळद विकणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट मला कळकळीने सांगावीशी वाटते. हळदीने मधुमेह जातो, कर्करोग बरा होतो, असे संदेश समाजमाध्यमावर फिरत असतात आणि विक्रेते ते सहज आपल्या पानावर टाकतात. औषधे व चमत्कारी उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या १९५४ च्या कायद्याने असे दावे करण्यास मनाई आहे, आणि त्या संदेशावर विसंबून एखाद्याने आपले औषध बंद केले, तर त्याचे नुकसान कोणत्याही दंडाने भरून येणार नाही.

नावाचेही असेच आहे. वायगावच्या हळदीला, भिवापूरच्या मिरचीला आणि नागपूरच्या संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. त्या भागात पिकवलेल्या मालालाच ते नाव देता येते, आणि मानांकनाची खूण वापरण्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते. बाजारातून कोठलीही हळद आणून तिला वायगावचे नाव देणारे विक्रेते समाजमाध्यमावर सर्रास दिसतात. त्यांच्यामुळे खऱ्या शेतकऱ्याचा भाव पडतो. आपण नोंदणीकृत असू, तर शेत, शिजवण आणि वाळवण यांची तारखेसह टिपलेली चित्रणे हा आपल्या मालाच्या खरेपणाचा उत्तम पुरावा ठरतो, आणि माझ्या दृष्टीने रीलचा सर्वांत चांगला उपयोग हाच आहे.

पैसे घेताना

मोठी मागणी नोंदवून, आपण लष्करात किंवा मोठ्या संस्थेत अधिकारी आहोत असे सांगून, ‘आगाऊ रक्कम पाठवतो, हा क्यूआर कोड स्कॅन करा’ असे म्हणणारे फोन छोट्या विक्रेत्यांना येतात. पैसे स्वीकारण्यासाठी कोड स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही. पिन टाकला, की पैसे आपल्या खात्यातून जातात. पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट आला, तरी आपल्या बँक खात्यात रक्कम दिसल्याखेरीज पार्सल बांधू नये. फसवणूक झालीच, तर जितक्या लवकर सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर कळवावे, तितका रक्कम गोठवली जाण्याचा संभव अधिक असतो.

वर्षाचा क्रम

यादीतील लोकांना केव्हा संदेश पाठवायचा, हे ठरवताना आम्ही मोबाइलवरच्या सल्ल्यांपेक्षा आपल्याकडच्या बेगमीचा क्रम पाहतो. विदर्भात वर्षाची हळद आणि तिखट पावसाळ्यापूर्वी भरून ठेवण्याची रीत आहे, आणि शहरात गेलेल्या कुटुंबांतूनही ती अजून सुटलेली नाही. म्हणून हळद वाळायला घातली, की मार्चमध्ये आम्ही जुन्या गिऱ्हाइकांना अंगणातील हळदीचे एक छायाचित्र आणि त्या वर्षीचा भाव पाठवतो आणि वर्षाला किती लागेल, एवढेच विचारतो. जो दर दोन महिन्यांनी अर्धा किलो घेत होता, तो अशा वेळी तीन किलो एकदम सांगतो. त्याला सहा पार्सलांऐवजी एकाच पार्सलचा खर्च पडतो, आणि आम्हाला दळणाआधीच एकूण मागणी कळते. एप्रिलच्या शेवटी पार्सले जातात. पोळ्याच्या सुमारास आम्ही दुसरा संदेश पाठवतो, पण त्यात विक्रीचे काही नसते. हळद कशी निघाली, पाकिटात ओल तर आली नाही ना, एवढीच विचारपूस असते. कोणी ओल आल्याचे कळवले, तर त्याला दुसरे पाकीट पाठवतो आणि त्याचा खर्च वहीत वेगळ्या रकान्यात लिहितो. गेल्या वर्षी त्या रकान्यात चार नोंदी झाल्या, आणि त्या चारही घरांनी या मार्चमध्ये पुन्हा वर्षाची हळद सांगितली आहे.